उरेबाचं माप

परीक्षेच्या आठवड्यात मास्तर वर्गातलं पाणीही पीत नसत. माठ आम्ही बायका भरायचो, आणि कोणत्या दिवशी कुणी भरला हे त्यांना ठाऊक असायचं, म्हणून. तहान लागली की गळ्यातला टेप तसाच ठेवून ते जिना उतरायचे, तीन गल्ल्या ओलांडून एका गॅरेजवर जायचे आणि तिथल्या माठातलं पाणी पिऊन परत यायचे. येईपर्यंत पुन्हा तहान लागलेली असायची. आम्ही हसायचो, पण माना खाली घालून. एकदा मी हसताना नेमकं वर बघितलं. मास्तर माझ्या मशीनजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाय, नको हसू. तुझं हसणं माझ्या लक्षात राहील. उद्या तुझं काम हातात आलं की आठवेल. मग मी काय करू?"

बोलणं विनोदी होतं, पण चेहरा तसा नव्हता. त्या आठवड्यात त्यांच्या कपाळाची शीर उठलेली असायची आणि वर्गात मशीनच्या आवाजाखेरीज आवाज नसायचा.

पनवेलच्या कापड बाजारामागे एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर एका संस्थेचा शिवणवर्ग चालायचा. मास्तर तिथे कटिंग शिकवत. ते मोहल्ल्यातले, कोकणी मुसलमान. तरुणपणी मस्कतला कटिंग मास्टर होते, तिथून परत आले ते कायमचेच. उंच, वाळलेले, पांढरी दाढी बारीक कातरलेली. दुनियेचे कपडे शिवले, पण स्वतः कायम रेडिमेड शर्ट घालायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "स्वतः शिवलेल्या शर्टात स्वतःची चूक दिसत नाय. दुसऱ्याच्या शर्टात दिवसभर दिसते. डोळा जागा राहतो."

मास्तर जाऊन आता वर्ष होऊन गेलं. त्यांच्याबद्दल बोलायचं तर मला माझ्याबद्दलही बोलावं लागेल, आणि त्यात माझी शोभा होणार नाही. म्हणूनच इतके दिवस टाळलं.

काम तपासायची त्यांची पद्धत अशी होती. कुणाच्याही कामावर नाव नाही. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकीनं एक नंबर उचलायचा आणि तेवढा आतल्या शिवणीवर टाचायचा. कामं गोळा होत असताना मास्तर भिंतीकडे तोंड करून बसायचे, दंगा केलेल्या पोरासारखे. सगळं जमा झालं की वळायचे. पण ह्या सगळ्याचा उपयोग शून्य होता, कारण त्यांना प्रत्येकीचा हात ओळखू यायचा. टाके कुठे दाटीचे, कुठे सैल, दोरा कुणी दातानं तोडलाय, कुणी कात्रीनं. नावं लपवायची ती आमच्यासाठी नव्हे, स्वतःला स्वतःपासून लपवायला. ते काही जमत नव्हतं.

एकदा त्यांच्या सख्ख्या पुतण्याची बायको वर्गात होती. दोन मार्कांनी नापास झाली. त्या ईदला पुतण्याच्या घरून शिरखुर्मा आला नाही. मी म्हटलं, "मास्तर, दोनच मार्क होते. दुसरी कुणी असती तर दिले नसते का?"

"दिले असते," ते लगेच म्हणाले.

"मग हिला का नाही?"

"हिला दिले असते तर ते हातासाठी दिले, की घरची म्हणून दिले, हे मला कसं कळणार होतं?"

मला तेव्हा हे फार थोर वाटलं होतं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, अशा थोरपणाशी त्याचं फारसं सख्य नाही. तो म्हणाला, "म्हणजे घरची असण्याची शिक्षा दिली तिला." मी त्याच्याशी वाद घातला.

मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं, पण एका इंग्रजी शब्दानं त्यांना पछाडलं होतं. शब्द बायस. शिवणाऱ्या माणसाला तो मुद्दाम शिकावा लागत नाही. बाजारात तयार उरेब पट्टी मिळते तिच्या वेष्टनावर तो छापलेलाच असतो. कापडाला उभा धागा असतो आणि आडवा असतो. दोन्ही सोडून मधून तिरकं कापलं की तो उरेब. उभं-आडवं कापड ताठ असतं, ओढलं तरी हटत नाही. उरेब मात्र ताणतो, वळतो, गळ्याच्या गोलाईवर आणि काखेत मुकाट बसतो. मास्तरांचा सगळा जीव उरेबात होता. आणि त्याच शब्दाचा इंग्रजीतला दुसरा अर्थ पक्षपात, अन्याय, एकाकडे झुकलेलं मन, हे त्यांना सोसत नव्हतं.

"कापडानं काय वाकडं केलंय त्यांचं?" ते विचारायचे. "तिरकं हाय म्हणून तर अंगावर बसतं. सरळ कापडाचा गळा कधी बघितलास? गळफास हाय तो."

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, म्हणजे पास होण्यापुरती. वर्गात तेवढीच एक शिकलेली म्हणून मास्तरांनी मला कामाला लावलं. शब्द आला कुठून, ते शोध. मी मोबाइलवर बघितलं, मुलीच्या शाळेतली डिक्शनरी बघितली आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं. शब्द फ्रेंचांकडून आलेला, मूळ अर्थ नुसता तिरका. त्यात बरंवाईट काही नाही. मग तो इंग्रजांच्या एका जुन्या खेळात शिरला. हिरवळीवर लाकडाचे गोळे गडगडत सोडायचे. गोळा मुद्दाम एका अंगाला जड केलेला असतो, त्यामुळे हातातून सरळ सुटला तरी जाता जाता वळतो. त्या वळण्याला बायस म्हणायला लागले, आणि तिथून तो माणसांच्या मनाला चिकटला.

मास्तरांची कात्री कापडात अर्ध्यावर थांबली. असं ते कधी करत नसत.

"त्या गोळ्याला कळतं का, आपण वाकडे चाललोय ते?"

"गोळ्याला काय कळणार, मास्तर?"

"तेच. त्याला वाटत असेल आपण सरळच हाव, मैदान वाकडं हाय." मग म्हणाले, "आणि खेळणारा काय करतो?"

"त्याला वळण ठाऊक असतं. तो आधीच जरा बाजूला नेम धरतो."

हे त्यांनी माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग उरलेलं कापड कापलं आणि चहाच्या वेळी, न विचारता, मस्कतची गोष्ट सांगितली. तिथे कारखान्यात त्यांच्या हाताखाली तीस-चाळीस माणसं होती. एक दिवस त्यांना काढून टाकल्याचं पत्र आलं. इंग्रजीत. त्यातला एकच शब्द त्यांना वाचता आला, पट्टीवरचा. माझ्या पत्रात पट्टी काय करते, म्हणून ते केरळच्या एका कारकुनाकडे गेले. त्यानं दुसरा अर्थ सांगितला. तुम्ही तुमच्या गावच्या दोन माणसांना हलकी कामं देता, अशी तक्रार होती.

"खोटी?" मी विचारलं.

"मीपण खोटीच म्हणालो. कुराणावर हात ठेवायला तयार होतो. मग खोलीवर येऊन आठवायला बसलो. सोमवारी कॉलर कुणाला दिली, मंगळवारी जाड कापड कुणाला दिलं." मास्तरांनी कप खाली ठेवला. "खरी होती, बाय. मला खबरच नव्हती."

हे ऐकल्यावर मला त्यांचं पाणी कळलं आणि भिंतीकडे वळलेली खुर्चीही कळली. त्यांना इतरांवर नाही, स्वतःवरच पहारा ठेवायचा होता. पण चोवीस तास पहारा ठेवणाऱ्या माणसाजवळ बसणं सोपं नसतं.

माझ्या शेवटच्या वर्षी वर्गात मंगली होती. डोंगराखालच्या कातकरीवाडीतली, आश्रमशाळेत दहावी झालेली, वीस-एकवीस वर्षांची. सकाळी वाडीवरून चालत रस्त्यापर्यंत, तिथून सहाआसनी रिक्षा. बोलायची फार कमी. पण तिच्या हाताखाली कापड असं वागायचं की मी माझं काम थांबवून बघत बसायचे. खडूची रेघ न मारता नुसत्या चिमटीनं उरेब धरून कापायची. मास्तर तिच्या टेबलाकडे कधी जात नसत. बाकी सगळ्यांच्या डोक्यावर उभे राहत, तिच्याकडे पाठ. वर्गानं त्याचा अर्थ ओळखला होता. मास्तर जिच्याकडे बघत नाहीत ती त्यांची लाडकी.

त्या वर्षी परीक्षेला वजन होतं. संस्था सुकापूरला नवा वर्ग काढणार होती आणि पहिली येईल तिला तिथे शिक्षिका नेमणार होती. जागा एकच. मला ती हवी होती. नवऱ्याची कंपनी तळोज्यातून हलायच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी मी कुणाची तरी सून, कुणाची तरी आई. सुकापूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी आधीच सांगून बसले होते की दिवाळीनंतर मी टीचर होणार. मंगलीला ती जागा का हवी होती, हे तिनं एकदाच सांगितलं होतं, डबा खाताना. "दिवाली झाली का आमची सगली माणसा भट्टीवर जातान. इटा पाडाया. नोकरी लागली तं मी नाय जायची."

परीक्षेला अंब्रेला फ्रॉक होता, मऊ क्रेपचा, मोठ्या गोल घेराचा. गोल घेर म्हणजे चार ठिकाणी सरळ धागा आणि त्यांच्या मधे चार ठिकाणी उरेब. मास्तरांनी वर्षाच्या सुरुवातीला सांगितलं होतं की असा घेर शिवला की एक रात्र टांगून ठेवायचा आणि मगच खालची दुमड घालायची, कारण उरेब स्वतःच्या वजनानं रात्रीत खाली उतरतो. पण परीक्षा एका दिवसाची. सकाळी कापड हातात, पाचला फ्रॉक जमा. रात्र आणायची कुठून? आम्ही सगळ्यांनी घेर सारखा केला, दुमडला, मोकळ्या झालो.

पाच वाजता मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले. संस्थेच्या बाई एकेक फ्रॉक पुतळ्यावर चढवायच्या, नंबर पुकारायच्या. मास्तर वळायचे, टेबलापासून घेराच्या कडेपर्यंत लाकडी पट्टी आठ ठिकाणी लावायचे आणि माप बोलायचे. बाई लिहून घ्यायच्या. आम्ही अकराजणी मागच्या भिंतीला टेकून उभ्या. माझा नंबर तीन होता. आठही ठिकाणी माप सारखं. मला घाम फुटला तो आनंदाचा.

सात नंबर चढला. मास्तरांनी पट्टी लावली. सरळ धाग्यावर बरोबर. उरेबावर दोन बोटं वर. पुन्हा सरळ, पुन्हा दोन बोटं वर. फ्रॉकची कड चार ठिकाणी उचललेली दिसत होती, लांबूनही. कुणीतरी नाकातून हसलं. मास्तरांनी कड चिमटीत धरली आणि त्यांचा अंगठा टाक्यांवर थांबला. मोजायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ थांबला. हे मी बघितलं.

"मास्तर," मागून आवाज आला, "उंद्या बगा."

मंगली होती. परीक्षेत बोलायला बंदी होती. बाईंचं पेन थांबलं.

मास्तर वळले नाहीत. "परीक्षेत बोलायचं नाय," ते भिंतीला सांगावं तसं म्हणाले. "माप आजचं. सगळ्यांचं आजचं." आणि त्यांनी अंगठा काढून घेतला.

मी पहिली आले. मंगली चौथी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बक्षीस समारंभ होता आणि अकराही फ्रॉक भिंतीवरच्या दोरीला रात्रभर टांगून ठेवले होते, पाहुण्यांना दिसावेत म्हणून. वर्गाची किल्ली माझ्याकडे असायची. मी सकाळी आठला पोहोचले, खिडक्या उघडल्या आणि झाडू हातात घेऊन वळले.

दहा फ्रॉक लोंबले होते. चारही उरेबांवर कड खाली आली होती. माझा तर सगळ्यांत जास्त, कारण मी क्रेप ओढून बसवला होता. पहिल्या नंबरची चिठ्ठी आणि खाली ओल्या टॉवेलसारखी लोंबणारी कड. आणि त्या रांगेत सातवा फ्रॉक. मी झाडू ठेवला आणि मास्तरांची पट्टी आणली. आठ ठिकाणी लावली. मग पुन्हा लावली. सुताचा फरक नव्हता.

मला समजायला मिनिटसुद्धा लागलं नाही. त्या मुलीनं रात्र आधीच धरली होती. उरेब किती उतरेल याचा अंदाज घेऊन तिनं कड तेवढीच वर घेतली होती. नेम बाजूला धरला होता. आणि हे मी मास्तरांना शिकवलं होतं, मी.

रस्त्यावर दुकानांची शटर्स वर जायला लागली होती. मास्तर दहाला येत. मी खुर्ची घेतली, एकेक करून अकराही फ्रॉक उतरवले, घड्या घातल्या, लोखंडी पेटीत ठेवले आणि कुलूप लावलं. हात एकदाही थांबले नाहीत.

मास्तर आले. रिकाम्या दोरीकडे बघितलं. "का उतरवलेस?"

"धूळ बसत होती, मास्तर."

त्यांनी पेटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग जिना उतरून पाणी प्यायला गेले, तीन गल्ल्या लांब. परीक्षा आदल्या दिवशीच संपली होती, वर्गातलं पाणी प्यायला आता त्यांना हरकत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही.

बाईंनाही मी धुळीचंच कारण सांगितलं आणि पाहुण्यांच्या गडबडीत त्यांनी पुढे विचारलं नाही. समारंभात मंगली मागे बसली होती. टाळ्या वाजल्या तेव्हा तिनंही वाजवल्या. निघताना माझ्याजवळ आली. "ताई, माझा फ्रॉक खय हाय? बगायचा व्हता."

"पेटीत आहेत सगळे," मी म्हटलं. "पाहुणे गेले की दाखवते."

तिची शेवटची सहाआसनी सहाला होती. ती पाचेक मिनिटं दाराशी उभी राहिली आणि गेली. दिवाळी झाली आणि ती भट्टीवर गेल्याचं कानावर आलं.

सुकापूरचा वर्ग सुरू झाला. पंधरा मुली, नव्या मशीन, दारावर माझ्या नावाची पाटी. मी ब्लाउज शिकवला, सलवार शिकवली, कुर्ता शिकवला. अंब्रेला मात्र शिकवायला घेववेना. मुली विचारायच्या, मी म्हणायचे पुढच्या महिन्यात. मास्तर कधीतरी येतील हे मला ठाऊक होतं. जिन्यावर कुणाचीही पावलं वाजली तरी माझा पाय मशीनवरून निघायचा.

ते संक्रांतीनंतर आले. काखेत कागदात बांधलेलं गाठोडं. मुलींना म्हणाले, दोन मिनिटं काम थांबवा. गाठोडं सोडलं आणि भिंतीवरच्या खिळ्यांना दोन फ्रॉक टांगले. तीन आणि सात.

"ह्यातला चांगला कोणता?"

मुलींनी एकदमच बोट केलं. सातकडे.

"मी त्याला चौथा नंबर दिला. आणि ह्याला पहिला. का, ते ऐका, तुमच्या उपयोगाचं हाय." आवाज वर्गात शिकवायचा तसाच होता. "मी आदल्या दिवशी मोजलं तेव्हा हा वाकडा होता. पण माझ्या अंगठ्याला कळलं होतं. अंगठा म्हणाला, ह्या पोरीनं उद्याचं माप धरलंय, आजचं नाय. ती बोललीपण, उद्या बघा. मी म्हणालो, तुला असं वाटतंय कारण ती तुझ्या आवडीची हाय. आवडीचीकडे झुकू नको. म्हणून मी नेम दुसऱ्या बाजूला धरला. इतका धरला की सरळ माप वाकडं केलं."

मुलींना किती समजलं देव जाणे. त्यांना डबे खायला पाठवलं. वर्गात आम्ही दोघं आणि भिंतीवरचे दोन फ्रॉक. मला आता बोलणं भाग होतं.

"मास्तर, सकाळी मी बघितलं होतं. म्हणून उतरवले."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. त्या पेटीला आपण कधी कुलूप लावत होतो, बाय?"

मी खाली बसले. "मग उघडली का नाहीत?"

"पहिल्यांदा म्हणालो, उघडली तर तुझी चूक निघेल आणि माझी तिच्यामागे लपेल. म्हणून नको उघडू. मोठा इन्साफ केल्यासारखं वाटलं. तीन महिने वाटलं. संस्थेनं खोली रंगवायला काढली, पेटी हलवायची होती, तेव्हा कुलूप तोडलं." त्यांनी गळ्यातला टेप दोन्ही हातांनी धरला होता. "तो गोळा हाय ना तुझा, इंग्रजांचा. त्याला वाटत राहतं, आपण सरळच चाललोय. मला भीती वाटत होती ती उघडायची. इतकंच होतं."

मला रडू आलं. ते थांबेपर्यंत मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "मी भट्टीवर जाऊन आलो. माझं मी सांगितलं. तुझं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी संस्थेत गेले आणि सगळं लिहून दिलं. बाईंनी कागद दोनदा वाचला, माझ्याकडे नव्यानं बघितलं आणि म्हणाल्या, जूनमध्ये नवी बॅच आहे, तेव्हा ती येत असेल तर जागा तिची. तिथून आम्ही कोन गावाच्या पुढे भट्टीवर गेलो. मास्तर रस्त्यावर एका दगडावर बसले, गाठोडं मांडीवर. आत यायला तयार होईनात. "मी असलो तर ती माझ्याकडे बघून बोलेल. तू जा."

मंगली ओळीनं मांडलेल्या कच्च्या विटा उलट्या करत होती. कोपरापर्यंत चिखल. मला बघून उभी राहिली, मग पुन्हा वाकून कामाला लागली. मी तिच्याबरोबर ओळीच्या कडेनं सरकत सगळं सांगितलं. दोरी, पेटी, कुलूप, तिला दाराशी ताटकळत ठेवलं ते. जूनचंही सांगितलं. ती शिव्या देईल ह्या तयारीनं मी गेले होते. खरं तर दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती ओळीच्या टोकाला पोचली तेव्हा थांबली.

"ताई, मंग तो उतरला काय सारका?"

मला आधी कळेना. मग कळलं. तिनं तो फ्रॉक परीक्षेच्या संध्याकाळी शेवटचा बघितला होता, वाकडा असताना. आपला अंदाज बरोबर आला की नाही, हे त्या मुलीला ठाऊकच नव्हतं. त्या सकाळी ते ठाऊक असलेली मी एकटी होते आणि मी त्याला कुलूप लावलं होतं.

"उतरला," मी म्हटलं. "अगदी सारखा. मी पट्टी लावून बघितलं होतं. आठही ठिकाणी."

"मना वाटला, दोन बोटां जास्ती झाली का काय," ती म्हणाली. "रोज वाटायचा."

मी रस्त्यावर परत आले. मास्तर दगडावरून उठले. मी तिचा प्रश्न सांगितला, जसाच्या तसा. त्यांचा चेहरा उतरला.

"मी नुसती माफी मागून आलो त्या दिवशी," ते म्हणाले. "माप सांगायचं राहिलंच."

गाठोडं काखेत मारून ते विटांच्या रांगांमधून निघाले. मी तिथेच थांबले. लांबून दिसलं, मास्तरांनी सात नंबर बाहेर काढला आणि खांद्यांच्या शिवणीला धरून दोन्ही हातांनी उंच केला, घेर मोकळा सोडून. मंगलीनं हात पुढे केले, चिखल बघितला आणि मागे बांधले. मग ती फ्रॉकच्या भोवती हळूहळू चालत गेली, कडेवरची नजर न हलवता, पूर्ण एक फेरी. तिची फेरी पुरी होईपर्यंत मास्तरांनी हात खाली घेतले नाहीत.